आकाशात पक्का, जमिनीवर कच्चा

वर औंढा नागनाथचं आकाश आणि खाली फ्रान्समधल्या गेरँ नावाच्या खेड्याचं गवत, अशा अवस्थेत स्टेलेरियम या संगणकावर आकाश दाखवणाऱ्या प्रोग्रामची पहिली भेट होते. साडेएकोणीस अंश उत्तर, सत्त्याहत्तर अंश पूर्व एवढा पत्ता दिला की तो तारे मुकाट्यानं आपापल्या जागी नेऊन बसवतो. ध्रुव क्षितिजापासून साडेएकोणीस अंशांच्या आसपास, अगस्ती दक्षिणेला फार तर अठरा अंश वर. हिंगोली जिल्ह्यातून दिसायला हवं तसंच सगळं. क्षितिजावरची झाडं मात्र बदलत नाहीत. ती गेरँचीच. आपण दुसरं काही दिलं नाही तर हा गृहस्थ जन्मभर त्याच कुरणात उभा राहून मराठवाड्याचे तारे दाखवत राहील, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याच्या मनातही येणार नाही.

त्याच्या स्वभावाची किल्ली इथंच आहे. वरचं सगळं त्याला पाठ, खालचं काहीच ठाऊक नाही. रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायला निघालेल्या माणसाशी त्याचं जमतं ते यामुळंच, आणि बिनसतं तेही यामुळंच.

जन्मानं तो फ्रेंच. फाबिएँ शेरो या प्रोग्रामरनं २००१ साली त्याला घडवायला घेतलं. पुढे ऑस्ट्रियाचे गेओर्ग झोट्टी, रशियाचे अलेक्झांडर वोल्फ आणि देशोदेशीच्या जाणत्या मंडळींनी त्याला वाढवलं. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला; म्हणजे वयानं हा जिल्ह्याहूनही दोन वर्षांनी धाकटा. आवृत्ती १.० हा मान त्याला मिळाला तो थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. तोवर वीसेक वर्षं तो शून्य पॉइंट अमुक म्हणवून घेत राबत होता, आणि जगभरचे लोक त्याच्यावर भरवसा ठेवून ग्रहणं बघत होते. आपण अजून पुरे झालो नाही, असं इतकी वर्षं कबूल करणारा प्राणी विरळाच.

घराणं मोठं आहे. १९२३ साली जर्मनीत झाइस कंपनीच्या यंत्रानं घुमटाच्या आतल्या बाजूवर तारे उमटवले, तो मूळ पुरुष. आपल्याकडे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली तारांगण आलं, मुंबईत वरळीला नेहरू तारांगण १९७७ साली. त्या थोरल्या मंडळींना घुमट लागतो, खुर्च्या लागतात, खेळाची ठरलेली वेळ लागते. औंढ्याच्या किंवा सेनगावच्या पोराला शाळेची सहल लागते. हा धाकटा घुमट वगैरे टाकून एकटाच निघाला आणि ज्यांच्या कीबोर्डवरची अक्षरं पुसट झाली आहेत अशा लॅपटॉपांवर जाऊन राहिला. एक पैसा मागत नाही. सोबत सहा लाखांहून जास्त तारे घेऊन येतो, हवे असतील तर आणखी कोट्यवधी मागवून देतो.

वेळेशी त्याचं वागणं पाहण्यासारखं असतं. ‘एल’ दाबला की वेळ पळू लागते. पुन्हा दाबला की धावते, आणखी एकदा दाबला की सूर्यचंद्र पाठशिवणीला लागतात. ‘जे’नं लगाम ओढायचा, ‘के’नं पुन्हा नेहमीच्या चालीवर आणायचं, ‘८’ दाबून आजच्या घटकेला परतायचं. पण या सगळ्या धावपळीत त्याचा हिशेब चुकत नाही. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, हे त्याच्याकडे सांगून समजत नाही; एकेक दिवस पुढं ढकलत गेलं की वृश्चिकाची नांगी हळूहळू वर सरकताना दिसते आणि कळून जातं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची. औंढा त्याच्या पश्चिमेला साडेपाच अंश, म्हणजे घड्याळापेक्षा आकाश इथं जवळजवळ २२ मिनिटं मागं. त्या रेखांशावरच्या मिर्झापूरला तारा डोक्यावर आला की औंढ्याला तो यायला अजून तेवढा वेळ. हे गणित आपण विसरतो, तो विसरत नाही, आणि विसरल्याबद्दल टोकतही नाही.

आकाशगंगेचा फोटो काढायचा म्हणजे काय काढायचं? तिचा तो फुगीर, उजळ, काळ्या धुळीनं चिरलेला मध्यभाग. धनू आणि वृश्चिक यांच्या शेजारचा, मूळ नक्षत्राच्या बाजूचा. बाकीचा पट्टा वर्षभर कुठे ना कुठे असतोच, पण कॅमेरेवाल्यांना हाच हवा असतो. तो औंढ्याहून आग्नेयेला, अगदी नेमकं बोलायचं तर उत्तरेपासून पूर्वेकडे मोजत गेल्यास १२१ दिगंशावर उगवतो आणि दक्षिणेला पोचतो तेव्हा साडेएकेचाळीस अंश वर असतो. युरोपातल्या मंडळींना तो क्षितिजाला घासून जातो. त्या बाबतीत हिंगोलीकर श्रीमंत आहेत.

आता स्टेलेरियमला विचारा, कधी? फेब्रुवारीच्या मध्यावर तो भाग पहाटे सव्वातीनच्या आसपास वर येतो. साडेपाचनंतर उजाडायला लागतं, तेवढी दोन-सव्वादोन तासांची फट. एप्रिलच्या दहा तारखेच्या सुमारास रात्री साडेअकरानंतर. मेच्या मध्यावर साडेनऊच्याही आधी, आणि मग उभी रात्र आपली. अडीचनंतर तो बरोबर दक्षिणेला. जूनमध्ये तर अंधार पडता पडताच हजर. म्हणजे सगळ्यात सोयीचे महिने जून, जुलै, ऑगस्ट. स्टेलेरियम हे महिने इतक्या उत्साहानं दाखवतो की नवखा माणूस वहीत तारखा लिहूनही घेतो. आषाढातल्या अमावास्येला, रात्री दहा वाजता, आकाशगंगा औंढ्याच्या माथ्यावरून झळकत चालली आहे, असं चित्र त्याच्या पडद्यावर आहे. ते खोटं नाही. ती असतेच तिथं, ढगांच्या वर.

मुहूर्त सांगणारे गुरुजी पावसाची हमी घेत नाहीत, तसाच हा. लग्नघटका त्यानं काढून दिली. मांडव उडाला तर ते आपलं.

माघातली महाशिवरात्र येते वद्य चतुर्दशीला. दुसऱ्या दिवशी अमावास्या, त्यामुळं चंद्र म्हणजे उजाडण्याच्या तोंडावर उगवणारी बारीक कोर. आकाशगंगेच्या हंगामातली ही पहिली उत्तम काळी रात्र. स्टेलेरियममध्ये तारीख टाकली की तो लगेच ‘उत्तम’ म्हणतो. म्हणजे बोलत नाही, पण पडद्यावर सगळा गाभा लख्ख उभा करतो. आणि त्याच रात्री औंढ्याला वर्षातली सगळ्यात मोठी यात्रा. दिव्यांच्या माळा, दुकानं, पाळणे, दर्शनाची रांग पार रस्त्यापर्यंत. ज्योतिर्लिंगाच्या गावात शिवरात्रीला अंधार मागणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील, याचा अंदाज त्याला नाही. माझा सल्ला विचाराल तर त्या रात्री कॅमेरा पिशवीत ठेवून रांगेत उभं राहावं. पुढच्या अमावास्येला तारे तिथंच असतात, आणखी दोन तास लवकर.

चंद्राच्या बाबतीत त्याला घरातच एक जुना प्रतिस्पर्धी आहे. भिंतीवरची दिनदर्शिका. कालनिर्णय १९७३ पासून महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत लटकतं आहे, आणि संकष्टीच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. उपवास करणाऱ्या बायांना ती वेळ लागते, आणि फोटोवाल्यालाही तीच लागते, फक्त उलट्या कारणानं. सूर्य मावळल्यावर पुरता काळोख व्हायला आपल्याकडे सव्वा तासाच्या आसपास लागतो. तिथपासून चंद्र उगवेपर्यंतची जेवढी फट, तेवढाच वेळ हातात. संकष्टीला ज्या घटकेला घरात उपवास सुटतो, त्या घटकेला माळावर कॅमेरा गुंडाळावा लागतो. रोज चंद्र सरासरी पाऊण-एक तास उशिरा येतो, म्हणून वद्य अष्टमीपर्यंत मध्यरात्र मिळते. हा हिशेब आजीला तोंडपाठ होता. स्टेलेरियमची कमाई एवढीच की तो चंद्र कुठल्या दिशेनं येणार तेही दाखवतो, आणि ती बाब साधी नाही. ‘पूर्वेला’ म्हणून भागत नाही. चंद्राच्या वाटेला साडेअठरा वर्षांचा एक झोका आहे. २०२५ च्या आसपास तो झोका टोकाला होता, तेव्हा औंढ्याच्या क्षितिजावर चंद्र एकाच महिन्यात ६० अंशांपासून १२० अंशांपर्यंत कुठंही उगवत होता. शिखराच्या मागून चंद्र वर येतानाचा फोटो ज्याला हवा, त्याला या साठ अंशांतली आपली जागा शोधावी लागते. अंतराचं गणित पुन्हा वेगळं. दहा मीटर उंचीची वस्तू आणि पूर्णचंद्र सारखे दिसायला हवे असतील तर अकराशे मीटर मागं जावं लागतं. तेवढ्या अंतरावर कुणाचं शेत आहे, मध्ये ऊस उभा आहे की हळद, हे स्टेलेरियम सांगत नाही. तिथून पुढं सातबारा आणि रामराम.

इथं नामदेवांची आठवण येणारच. कीर्तनाला अडवलं म्हणून ते देवळाच्या मागं जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे वळलं, नंदी मात्र जिथल्या तिथं राहिला, अशी औंढ्याची कथा. नरसी इथून फार लांब नाही, त्यामुळं ही कथा इकडे घरातलीच. फोटोवाल्यासाठी देऊळ वळत नाही. शिखर, चंद्र आणि आपण एका रेषेत यायचं तर वळायचं आपणच. शिवाय आवारात रात्री तिकाटणं लावायचं तर देवस्थानाला आधी विचारावं लागतं. पडद्यावर त्यासाठी चौकट नाही.

चौकटीचंच म्हणाल तर स्टेलेरियमजवळ एक सुरेख सोय आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरचं माप आणि लेन्सची लांबी भरली की तो आकाशावर एक लाल आयत आखतो: एवढंच तुझ्या फोटोत मावेल. गंमत अशी की त्याला कॅमेऱ्याची लेन्स माहीत नाही. जे काही काचेचं असेल ती दुर्बीण, अशी त्याची समजूत. म्हणून दुर्बिणीच्या रकान्यात गुपचूप १८ मिलिमीटर भरायचे. कॅमेऱ्यासोबत येते ती साधी किट लेन्स आणि कॅननचा छोटा सेन्सर धरला तर चौकट येते साधारण ६४ अंश बाय ४५ अंश. आडवी धरली तर आकाशगंगेचा गाभा आणि जमीन दोन्ही नीट बसत नाहीत, कॅमेरा उभा करावा लागतो, हे घरी चहा पिता पिता कळतं. त्याच लेन्सवर सतराएक सेकंदांपेक्षा जास्त वेळ शटर उघडं ठेवलं तर ठिपक्यांच्या रेघोट्या होतात. मग रेघोट्याच हव्या असतील तर ध्रुवाकडे तोंड करून बसावं. साडेएकोणीस अंशांवरचा ध्रुव झाडाच्या शेंड्याशी छान बसतो आणि बाकी सगळे त्याच्याभोवती फेर धरतात. स्वतः ध्रुवही अर्ध्या अंशाहून थोडा जास्त सरकलेला आहे आणि बारीकसा फेर तोही धरतो. उत्तानपादाच्या पोराची अढळपदाची कथा लहानपणी ऐकलेल्याला हे जरा लागतं. स्टेलेरियम ते दाखवताना कुठलीही भीडभाड ठेवत नाही.

आता त्याचं अज्ञान. औंढ्याहून १५० अंशांच्या सुमारास, म्हणजे आग्नेय आणि दक्षिण यांच्या मध्ये, वसमत आहे. वसमतच्या मागं, जवळजवळ त्याच रेषेत, नांदेड. नैर्ऋत्येला परभणी. हिंगोली शहर उत्तरेकडून पूर्वेला कललेलं, ध्रुवाच्या उजव्या हाताला. या गावांचे दिवे रात्री क्षितिजावर पिवळट-पांढरा फुगा धरून असतात. आकाशगंगेचा गाभा १२१ अंशांवर उगवून दक्षिणेकडे सरकतो तेव्हा वाटेत बरोबर वसमत-नांदेडच्या फुग्यावरून जातो. तोवर तो तेहेतीस अंश वर चढलेला असतो म्हणून वाचतो, पण त्याच्या पायथ्याला जो धुरकट उजेड दिसतो तो ताऱ्यांचा नसतो. स्टेलेरियममध्ये प्रकाशप्रदूषणाची एक पट्टी आहे, बोर्टलच्या एक ते नऊ पायऱ्यांची. ती सरकवली की सगळं आकाश सारखंच फिकं होतं, चहूबाजूंनी. नांदेड एका बाजूला आहे आणि जिंतूरकडची पश्चिम काळी आहे, हे त्याला कळत नाही. ते कळायला एकदा रात्री जाऊन गोल फिरून बघावं लागतं. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथला अंधार आता कागदोपत्री राखलेला आहे. हिंगोलीचा अंधार असा कुणी राखलेला नाही. तो अजून संपलेला नाही, एवढंच.

पण स्टेलेरियमला शिकवता येतं, आणि शिकवलेलं तो नम्रपणे घेतो. गेरँचं कुरण काढून तिथं आपलं शिवार बसवायचं. मोबाइलनं चौफेर पॅनोरमा घ्यायचा, आकाशाचा भाग पुसून पारदर्शक करायचा, नावगाव लिहिलेली एक छोटी मजकुराची फाईल जोडायची आणि द्यायचं. एवढाही खटाटोप नको असेल तर नुसता तक्ता पुरतो: अमुक दिगंशाला क्षितिज किती अंश उंच. हात लांब करून वळलेली मूठ डोळ्यासमोर धरली की दहा अंश होतात, या जुन्या मापानं आख्खं शेत तासाभरात मोजून होतं. मग एकेक गोष्ट उघड व्हायला लागते. ८० मीटरवर उभा असलेला, दहा मीटर उंचीचा कडुलिंब सात अंश आकाश खातो. मेच्या मध्यावर रात्री सव्वानऊला त्रिशंकूचा सगळ्यात खालचा, सगळ्यात तेजस्वी तारा दक्षिणेला येतो तो जेमतेम सव्वासात अंश उंचीवर. म्हणजे लिंबाच्या शेंड्याला टेकून. बांधावर वीस पावलं उजवीकडे सरकलं तर त्रिशंकू मोकळा, नाहीतर लिंबात. दक्षिणेकडचं आकाश आपल्याकडे असं पावलांवर मिळतं. पुण्या-मुंबईहून गाडी घेऊन येणाऱ्याला हे दिसत नाही. ज्याचं शेत आहे त्याला तो लिंब किती जुना आहे तेही माहीत असतं.

शेतावरून आठवलं. रात्री माळावर आपण एकटे असतो हा शहरी समज. थ्री-फेज लाइट रात्रपाळीची असली की बाराला, दोनला माणसं मोटार लावायला निघतात. कमरेला विळा, हातात चार्जिंगची बॅटरी, आणि ती बॅटरी अशी की एका झोतात सतरा सेकंदांचं एक्स्पोजर पांढरंफटक. जवळ आल्यावर विचारणारच, “काय करायलाव एवढ्या राती?” “आकाशाचा फोटू काढायलो, मामा.” मग मामा वर बघतात, कारण फोटो काढण्यासारखं काय आहे ते त्यांना कळत नाही, रोजचंच तर आहे. पण तिकांडं डोक्यावर आलं की कडाक्याची थंडी, शुक्राची चांदणी निघाली की बैल सोडायची वेळ, हे त्यांचं घड्याळ पक्कं असतं. लॅपटॉप उघडून स्टेलेरियम दाखवला तर ते पडद्यावरचं आकाश आणि वरचं आकाश दोनदा ताडून पाहतात आणि म्हणतात, “बराबर हाय.” त्याला मिळालेली इतकी सडेतोड पावती मी दुसरीकडे ऐकली नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरी एक अडचण असते. वसमत म्हणजे हळदीचा मुलूख. काढणी झाली की शेताशेतावर हळद शिजवायचे कुकर लागतात, रात्रंदिवस. वाफ, धूर, ट्रॅक्टरचे दिवे, आणि हवेत तो ओला मातकट वास. आकाशगंगा पहाटे वर येण्याचे नेमके हेच आठवडे. काहींना वाटतं फोटो बिघडला. मला विचाराल तर तो धूर चौकटीत घ्यावा. खाली विस्तवाचा तांबूस उजेड आणि वर धनू, असा फोटो फ्रान्सच्या कुरणात मिळायचा नाही. स्टेलेरियममध्ये धुक्याचं एक बटण आहे, ‘एफ’. दाबलं की क्षितिजावर पांढरा पडदा येतो. हळदीचा नाही.

औंढा तालुक्यातच दुधाळ्याच्या शिवारात मात्र आकाशाचा असा एक अभ्यास उभा राहतो आहे ज्याला स्टेलेरियमची गरज नाही आणि अंधाराचीही नाही. लायगो-इंडिया. केंद्रीय मंत्रिमंडळानं फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला हिरवा कंदील दाखवला. काटकोनात दोन बाहू, प्रत्येकी चार किलोमीटर. त्यांच्या आत लेसर, टोकांना आरसे. दूरवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्यातून निघालेल्या गुरुत्वीय लहरीमुळं त्या बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो, आणि तो मोजायचा. तेवढा बारीक फरक टिपायचा तर पायाखालची जमीन गप्प हवी. या प्रकल्पासाठी देशभर जागा धुंडाळणाऱ्यांनी हिंगोलीला निवडलं ते आकाश पाहून नव्हे, जमीन पाहून. मला ही गोष्ट फार पटते. आकाश सगळ्यांना सारखंच मिळतं. तोलूनमापून घ्यावी लागते ती जमीन.

हे यंत्र चालू झालं की त्याचं मोठं काम असेल लहर कुठून आली ते सांगणं. अमेरिकेतली दोन आणि इटलीतलं एक यंत्र यांनी १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर पकडली, दिशा आवळत आणली आणि दुर्बिणींनी तिथं बघितलं तेव्हा ती एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत सापडली, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर. स्टेलेरियमच्या शोधपट्टीत हे नाव टाइप केलं की तो एका झेपेत तिथं नेतो. जागा वासुकीच्या शेपटाजवळ. नागनाथाच्या गावाहून बघायला योग्यच म्हणायची. दक्षिणेला येते तेव्हा सत्तेचाळीस अंश वर असते. साध्या कॅमेऱ्याला तिथं काहीच मिळणार नाही. तरी एप्रिलच्या रात्री आकाशगंगेची वाट पाहत बसलेलं असताना कॅमेरा एकदा तिकडे वळवून ठेवायला काय हरकत आहे?

अवगुण सांगायचे राहिले. नवखा पाहुणा आला तर त्याला स्वतःहून कळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलस हा धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसला, तेव्हा ज्यांनी आधी त्याचे कक्षेचे आकडे मागवून भरले होते त्यांच्याच स्टेलेरियमला तो माहीत होता. इतरांच्या पडद्यावर पश्चिम रिकामी. तेजाबद्दल तर त्याच्यावर अजिबात विसंबू नये. धूमकेतू किती उजळेल हे तो सूत्रानं काढतो आणि धूमकेतू सूत्रं वाचत नाहीत. उपग्रहांचंही तसंच. आकडे आठवडाभर शिळे झाले की त्यानं सांगितलेली अंतराळस्थानकाची वेळ घसरू लागते, आणि खेड्यात नेट मिळालं नाही तर ते ताजे होत नाहीत. शिवाय तो फार उजळ आहे. अंधारात लॅपटॉप उघडला की वीस-पंचवीस मिनिटं खपून काळोखाला सरावलेले डोळे एका क्षणात वाया. त्यासाठी त्याच्याकडे रात्रीचा लाल वेश आहे; कंट्रोल आणि ‘एन’ दाबलं की अंगभर लाल होऊन बसतो. पण जाणकार लोक त्याला माळावर नेतच नाहीत. घरी सगळं विचारून घेतात, चार ओळी कागदावर लिहितात, आणि त्याला चार्जिंगला लावून निघतात. सगळ्यात चांगला तो घरीच वागतो.

जूनमध्ये त्याचं काम थांबतं. कॅमेऱ्याच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या जातात, दिवसा गावात बियाण्यांची गडबड असते. त्या दिवसांत त्याची एक वेगळी गंमत बघता येते. तारीख ८ जून, वेळ दुपारी बारा. ‘ए’ दाबून वातावरण काढून टाकायचं. निळं आकाश जातं, भर दुपारी तारे उघडे पडतात, आणि सूर्य कुठं आहे ते दिसतं: रोहिणी मागं टाकून मृगशीर्षाकडे निघालेला. त्याच्याकडे नाना संस्कृतींच्या आकाशांचे संच आहेत, त्यात भारतीय नक्षत्रंही आहेत. तो संच लावला तर नावंही ओळखीची येतात. मृग निघाला, असं म्हणत पिढ्यान्‌पिढ्या पेरण्या झाल्या, पण त्या दिवशी मृग सूर्याच्या उजेडात बुडालेलं असतं, ते कुणाला दिसत नाही. इथं दिसतं.

बैठकीतल्या एखाद्याला हे दाखवलं तर तो कौतुकानं बघतो, मान हलवतो, आणि मग शेतकऱ्याचा खरा प्रश्न विचारतो: यंदा मृगाचं वाहन काय? कोल्हा, बेडूक, मोर की हत्ती? वाहनावरून पावसाचं अनुमान बांधायचं असतं. स्टेलेरियमच्या कुठल्याही खिडकीत, एफ-१० च्या गणितांच्या लांबलचक यादीतसुद्धा, वाहनाचा रकाना नाही. लॅपटॉप मिटावा लागतो आणि देवघराशेजारच्या खुंटीवरचं पंचांग काढावं लागतं.